वहीतलं डुक्कर

सोमवार, १४ मार्च १९९४

कुमुदताईंनी ही वही दिली. दोनशे पानी, पुठ्ठ्यावर कमळाचं चित्र. म्हणाल्या, सोमीबाई, रोज चार ओळी लिहा म्हणजे हात बसेल. आधी तारीख, मग काय घडलं ते. मी म्हटलं, ताई, आमच्या वाडीत काय घडतंय लिहायला? तर म्हणाल्या, जे घडतं तेच.

तर तेच लिहिते. मी सोमी, आवळ्याच्या वाडीची. नेऱ्याच्या वर डोंगराला टेकून चौदा घरं आहेत, ती आमची. लहानपणी नेऱ्याच्या शाळेत दुसरीपर्यंत गेले, मग आईबरोबर मोळ्या वाहायला लागले. अक्षरं कुठे सांडली ते कळलंच नाही. ती कुमुदताईंच्या साक्षरतेच्या वर्गात परत भेटली, बासष्टाव्या वर्षी. ळ तेवढा अजून रुसून बसतो.

घरात मी, माझा मुलगा अंकुश, सून दिपा आणि प्राजक्ता. प्राजक्ता सात महिन्यांची. खालचे दोन दात आलेत आणि मला चावायला ते पुरतात. माझ्या हातात पेन दिसलं की ती झेपावते. मी म्हणते, थांब बाय, आधी आजी शिकू दे, मग तू.

आज पनवेलच्या बाजारात चाईचे कंद घेऊन बसले होते. एक बाई कंद उलटापालटा करून म्हणाली, "याचं वरचं टोक कुठं गेलं? उंदरानं खाल्लं?" मी म्हटलं, ते डोकं हाय त्याचं, आमी खड्ड्यात परत ठेवून माती लोटतो. पुढल्या साली तिथंच कंद मिळतो. ती म्हणाली, "म्हणजे मला अर्धाच विकताय." मी म्हटलं, बाई, डोकं घेतलं तर पुढल्या साली तुमाला काय विकू? हसली आणि दोन घेऊन गेली. माझ्या आईचं सांगणं होतं, डोकं न ठेवता उठलेल्या बाईला पुढचा कंद कडू लागतो. खरं-खोटं कोण बघतंय, पण मी ठेवते.

बघा, चार ओळी म्हणता म्हणता पान भरलं.

सोमवार, २८ मार्च १९९४

काल होळी झाली, आज शिमग्याची शिकार. हे लिहायलाच हवं, वर्षातून एकदाच होते.

काळूभावजी शिकारीचे म्होरके. माझे थोरले दीर. वय सत्तरच्या पुढे, पण चढणीला वाडीतल्या तरण्या भरतला मागे टाकतात. त्यांच्याबरोबर अंकुश, भरत आणि दाजी. चौघे आणि कुत्री. वाघोबाला नारळ ठेवला आणि उजाडताना गेले. दुपारी डुक्कर घेऊन आले, चांगला थोराड नर. भाला अंकुशचा बसला. दिपा भाकऱ्या थापताना गात होती.

भावजींचे नेम कडक. एकच जनावर. मादी नाही, पिलंवाली तर नाहीच. पाणवठ्यावर मारायचं नाही. तहानेला आलेला पाहुणा असतो, म्हणतात. आणि आखाडी ते दिवाळी भाला आढ्याला. मी नवी नवरी होते तेव्हा एकानं पावसाळ्यात ससा मारला होता. भावजींच्या बापानं त्याला पाच वर्षं शिकारीला नेलं नाही आणि वाटाही दिला नाही. तो माणूस बायकोच्या वाट्यातलं खायचा, मान खाली घालून.

चौदा घरांत माणशी सारखे वाटे. मुंडी भालेवाल्याला. कुत्र्यांचा वेगळा. प्राजक्ताचाही वाटा काढला, कारण होळीला वाडीत आहे तो वाटेकरी. दाजी म्हणाला, "वयनी, दात दोन नि वाटा अख्खा?" मी म्हटलं, तुझे किती उरलेत ते आधी मोज.

मंगळवार, १९ एप्रिल १९९४

आज भावजी स्वतः घरी आले आणि समोर बसले. म्हणाले, "सोमे, तू लिवायला शिकलीस. आता रानाचं लिव."

चैतात पानं झडतात आणि डोंगरात दोनच ठिकाणी पाणी उरतं. तेव्हा आमची माणसं दोन्ही पाणवठ्यांवर सकाळ-संध्याकाळ लपून बसतात आणि काय काय पाण्याला येतं ते मोजतात. मोजल्याशिवाय पुढल्या शिमग्याला काय मारायचं आणि काय सोडायचं ते कळणार कसं? भावजी एका पिशवीत चिंचोके ठेवायचे, प्रत्येक जनावराची वेगळी पुरचुंडी. यंदा ती पिशवी भरतच्या पोरांना सापडली आणि त्यांनी चिंचोके भाजून खाल्ले. तीन सालांचं रान पोरांच्या पोटात गेलं, भावजी म्हणतात. हसले, पण त्यांना लागलंय ते.

म्हणून आता मी लिहायचं. ते आठवून सांगत गेले, मी लिहीत गेले.

रानडुकरं, मोठी अकरा, पिलं पुष्कळ. ससे बरे आहेत. रानकोंबड्या बऱ्या. भेकरं तीन.

भेकरांपाशी भावजी थांबले. दोन सालांमागे सात होती, गेल्या साली पाच. यंदा एक नर, दोन माद्या, त्यातली एक पोटुशी. म्हणाले, "लिव, भेकराला रान बंद. सात होईस्तोवर कुनी हात लावायचा नाय." मी विचारलं, आपण तर भेकर मारतच नाही, मग कमी का झाली? त्यांनी कमरेची चंची सोडली आणि दोन लाल नळकांडी माझ्यासमोर ठेवली. काडतुसं. खालच्या पाणवठ्यावर सापडली. तिथवर जीपच्या चाकाच्या खुणा आहेत. कोणी शहरातले येतात, जीपमध्ये बसूनच मारतात. आता आपली माणसं पाळीनं तिकडे फिरतील. माणूस हिंडताना दिसला की जीप थांबत नाही.

हेही लिहिलं. हात भरून आला, पण बरं वाटलं. भावजींनी वही उलटी धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "झ्याक हाय."

शुक्रवार, ६ मे १९९४

वर्गात ताईंना वही दाखवली. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्या वाचत होत्या, आधी हसत होत्या, कंदाच्या बाईपाशी तर मोठ्यानं. मग होळीचं पान आलं. ते पान दोनदा वाचलं. वही मिटून माझ्या पिशवीत स्वतःच्या हातानं घातली आणि विचारलं, "ही अजून कुणी बघितली का?" मी म्हटलं, आमच्यात वाचणार कोण? "बरं," म्हणाल्या, "घरीच ठेवा. वर्गात आणू नका."

अक्षर वाईट असणार. नाहीतर डुकराचं वाचून त्यांना शिसारी आली असेल, त्या मांस खात नाहीत. मी पण बघा, कुणाला काय दाखवावं ते कळत नाही. पुढच्या वेळी त्यांना चाईच्या मोहोराची भाजी नेईन.

मंगळवार, १० मे १९९४

अक्षर वाईट नव्हतं.

ताई आज उन्हात वाडीपर्यंत चढून आल्या. घामाघूम झाल्या होत्या, पाणी प्यायल्या आणि दार लोटून घेतलं. मला सांगितलं की कायदा कडक झालाय. आता शिकारीचे परवाने बंद. डुक्कर काय, ससा काय, काहीही मारलं तर तुरुंग. आणि मी नावानिशी लिहून ठेवलंय, तारखेसकट. काळू, अंकुश, भरत, दाजी. भाला अंकुशचा बसला, हेसुद्धा.

मी म्हटलं, पण आम्ही तर एकच मारतो. नेमानं मारतो. त्या म्हणाल्या, "मला पटतं हो. कागदाला पटत नाही."

ताई गेल्यावर चुलीपुढे वही घेऊन बसले. जाळून टाकावी. पहिलं पान फाडायला धरलं आणि भेकरं आठवली. चिंचोके गेले, आता सगळं रान हिच्यातच आहे. भावजींना काय तोंड दाखवू? होळीचं तेवढंच पान फाडावं, तर ताईंनी पानांवर आकडे घालायला लावलेत. मधलं गेलं की लगेच दिसणार.

तांदळाच्या कणगीत खोल खुपसली. आता दळणाला तांदूळ मीच काढते, कुणाला कणगीला हात लावू देत नाही. दिपा विचारते, आत्या, कणगीत नाग शिरलाय का? मी म्हटलं, तसंच समज.

शुक्रवार, २७ मे १९९४

सकाळी.

लिहिणार नव्हते. सतरा दिवस वही काढली नाही. पण आत्ता दोन बार ऐकू आले. फटाका नाही, बंदूक. खालच्या पाणवठ्याच्या बाजूला. एक, आणि मग थांबून दुसरा. नेऱ्याला पहिली एसटी भोंगा देऊन वळत होती, तेव्हाच. अंकुश इथे अंगणात प्राजक्ताला मांडीवर घेऊन आंघोळ घालतोय. ती दचकून रडली आणि त्याच्या अंगावर मुतली. तो म्हणाला, "आये, टॉवेल दे." मी टॉवेल दिला आणि वही काढली. कशाला काढली माहीत नाही. लिहिलं की जरा बरं वाटतं.

भरतची आज पाळी होती तिकडे. तो सुखरूप यावा.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

अंकुशला धरून नेलं.

शनिवार, २८ मे १९९४

काल लिहिवलं नाही. आज लिहिते, नाहीतर डोक्यात तेच तेच फिरतं.

भरत सुखरूप आला. पण त्यानं सांगितलं की खालच्या पाण्यावर भेकर पडलंय. मादी. पोटुशी होती तीच. जीप त्याला बघून पळाली, जनावर टाकून.

आमच्यात असं आहे. ज्या जनावराला रान बंद आहे त्याची पोटुशी मादी मेली, कुणीही मारो, तर तिला कोल्ह्या-कुत्र्यांना सोडत नाहीत. वाडीच्या शिवेत आणून पुरायची, तोंडात मूठभर तांदूळ घालायचे. नाहीतर रान रुसतं. माझ्या डोळ्यांदेखत एकदाच झालंय, भावजी तेव्हा तरणे होते. भावजी काल तापानं पडलेले. म्हणून मीच म्हटलं, अंकुश, तू जा. आण तिला. मीच म्हटलं. तांदूळही मीच दिले, कणगीतून, वही बाजूला सारून.

तो तिला खांद्यावर घेऊन येत होता आणि पायवाटेवर फॉरेस्टचे तिघे समोर आले. बार त्यांनीही ऐकला होता. खांद्यावर भेकर, अंगावर रक्त, खिशात तांदूळ. त्यांनी विचारलं, कुठे नेतोस? तो म्हणाला, पुरायला. ते हसले.

भरत मागे झाडीत होता. तो पुढे झाला नाही. त्याला बोल लावत नाही. मी असते तर मीही नसते झाले.

दिपा काल सकाळपासून जेवली नाही. प्राजक्ता बापाला शोधते, दाराकडे बघून "बा बा" करते. कालपर्यंत ती कुणालाच बा म्हणत नव्हती. मला किती आनंद व्हायला हवा होता.

सोमवार, ३० मे १९९४

दिपा आणि मी पनवेलला जाऊन आलो. अंकुश दिसला, लांबून. गालफडं बसलीत. साहेब म्हणाले, "बंदूक याच्याकडे नव्हती हे आम्हालाही कळतं, बाई. पण बंदूकवाल्यांना पाण्यावर नेणारा वाटाड्या तोच. त्यांची नावं सांगू दे, मग बघू." अंकुशला नावं माहीत असतील तर सांगेल ना. साहेबांचं नाव दीनानाथ. आवाज चढवत नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटते.

मी म्हटलं, बार झाले तेव्हा तो घरात होता, पोरीला आंघोळ घालत होता. साहेब म्हणाले, "आई असंच सांगणार."

तिथून ताईंच्या घरी गेलो. ताईंनी सगळं ऐकलं. मी म्हटलं, मी लिहिलंय ते. सकाळी, बार ऐकल्या ऐकल्या. एसटीचा भोंगा, आंघोळ, सगळं. ताई उठून उभ्याच राहिल्या. मग हळूच परत बसल्या. माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं.

मी म्हटलं, तेवढं एक पान फाडून देऊ? ताई म्हणाल्या, "सुटं पान दिलं तर म्हणतील काल बसून लिहिलं. अख्खी वही असेल, मार्चपासून ओळीनं, तर आणि तरच कुणी विश्वास ठेवेल."

अख्खी वही म्हणजे डुक्करही.

मंगळवार, ३१ मे १९९४

दुपारी आवळीखाली वाडी बसली. मी उभं राहून सांगितलं की वहीत काय आहे. चौघांची नावं आहेत, तेही सांगितलं. मग सुनंदा, भरतची बायको, उठली.

"तुला कुनी सांगितलं व्हतं लिवायला?"

मी म्हटलं, भावजींनी.

"त्यांनी मोजायला सांगितलं. डुक्कर कुनी मारलं ते मोजनं झालं का? म्हातारपनी शाळा सुचली तुला. तुझा पोरगा सोडवायला आमचे घालतेस आत?"

तेच तर घालतेय. सुनंदाला तीन पोरं आहेत. तिच्या जागी मी असते तर वही कणगीसकट पेटवली असती.

दाजी म्हणाला, "वयनी, माझं नाव खोडता नाय येनार? मी तर नुसता हाका घालत व्हतो." हसावं की रडावं कळेना. भरत मान खाली घालून काडीनं माती उकरत होता. काडी टाकून म्हणाला, "त्या दिशी मी झाडीतून भायेर आलो नाय. पुन्ना तेच नको. देऊ दे तिला."

सुनंदा त्याच्याकडे बघतच राहिली.

भावजींना धरून आणलं होतं, अंगात ताप होता. ते म्हणाले, "शिकार मी बोलवतो. माझा बाप बोलवायचा. पयलं नाव माझंच हाय ना?" मी म्हटलं, पहिलं तुमचंच. "मग द्या. चोरी केलेली नाय. लपवलं तर चोरी व्हते."

सुनंदा घरी गेली आणि दार लावून घेतलं.

बुधवार, १ जून १९९४

उद्या द्यायची. सगळं पुन्हा वाचून काढलं. दाताचं, कंदाचं, दिपा गात होती तेही परक्या माणसांनी वाचायचं. लाज वाटते. पण लाजेपेक्षा भीती मोठी आहे. चार माणसं आत गेली तर या वाडीत उरलं काय? नाही दिली तर एक. एकाच्या बदल्यात चार. मी आई आहे म्हणून एकाकडे बघतेय का? भावजी म्हणतात तसं खरंच असेल का? मला ठरवता येत नाही. सकाळी पाय नेतील तिकडे जाईन.

रविवार, १९ जून १९९४

वही आज परत मिळाली. पानापानावर शिक्का आहे आणि कुठे कुठे लाल पेन्सिलीच्या खुणा. मधले दिवस राहिले ते लिहिते.

२ तारखेला भावजी, भरत, दाजी, ताई आणि मी गेलो. साहेबांनी वही उघडली, चाळली, आणि माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच लिहिलंय ना? वाचा." त्यांना वाटलं असेल ताईंनीच लिहून दिली. मी वाचायला लागले. ताईंनी मध्येच पाणी दिलं. साहेबांनी मध्ये थांबवून एका कोऱ्या कागदावर मला चार ओळी लिहायला लावल्या आणि वहीशी ताडून बघितल्या. ळ बघून म्हणाले, "हा ळ दुसऱ्या कुणाला जमायचा नाही." मग म्हणाले, "पुढे."

होळीचं पान आलं आणि मी थांबले. भावजी मागून म्हणाले, "वाच ग." वाचलं. भाला अंकुशचा बसला, तेही. मग एकच जनावर, मादी नाही, पाण्यावर नाही. मग भेकरं तीन. मग सकाळचे दोन बार, एसटी, टॉवेल. सगळं वाचून झालं.

साहेबांनी पहिल्यांदा काय विचारावं? "दोन सालांमागे सात होती हे कशावरून?" भावजी म्हणाले, चिंचोक्यांवरून. "चिंचोके कुठायत?" भावजी म्हणाले, "पोरांनी खाल्ले." साहेब हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक कागद काढला आणि खूप वेळ बघितला. म्हणाले, "आमच्या कागदावर या डोंगरात भेकर नाहीच."

एसटीच्या ड्रायव्हरला बोलावून विचारलं. त्यानंही बार ऐकले होते, नेऱ्याला वळतानाच. पाचव्या दिवशी अंकुशला भेकरातून सोडलं.

डुक्कर मात्र राहिलं. साहेब म्हणाले, लिहिलेलं मला वाचलं नाही असं म्हणता येत नाही. चौघांवर केस झाली, जामीन मिळाला, तारखा पडतील. वर्ष लागेल, दोन लागतील. काय होईल ते कुणी सांगत नाही. चौघांचे भाले जमा झाले. भावजींचा तर त्यांच्या बापाचा होता.

सुनंदा पाणी भरायला माझ्यानंतर येते. माझी कळशी उचलली गेल्याशिवाय विहिरीवर पाय ठेवत नाही.

बुधवार, १७ ऑगस्ट १९९४

साहेबांनी वाडीसाठी पास पाठवलेत, कंद आणि मध काढायला. वर भावजींना निरोप, की दर महिन्याला रानातली मोजणी लिहून द्या. छापील कागदही दिलेत, रकाने आखलेले. जनावर, किती, कुठे, कधी. शिकार मात्र नाही, कधीच नाही.

भावजी निरोप्याला म्हणाले, "सायबाला इचार, ज्या रानात वाटा नाय त्या रानात पोरं उनातान्हात मोजायला कशाला जातील?" निरोप्या म्हणाला, हे मी नाही विचारणार, बाबा.

आणि खरंच कुणी जात नाही. भरत आणि दाजी खडीच्या मशीनवर कामाला जातात. अंकुशही. मी म्हटलं, पास आहे, मधाला तरी जा. तो म्हणाला, "आये, खांद्यावर हंडा घेऊन उतरलो तरी ते इचारतील यात काय हाय." रान म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो. घरात असला की प्राजक्ताला खाली ठेवत नाही. ती आता उभी राहते, त्याच्या कानाला धरून.

दिपा लाकडाला गेली होती. तिनं पाहिलं, खालच्या पाणवठ्याच्या वाटेवर चाकांच्या खुणा. ताज्या. पायांच्या खुणा मात्र एकही नाही, म्हणाली. आमच्या माणसांची एकही नाही.

सोमवार, ७ नोव्हेंबर १९९४

दिवाळी झाली. दर साली दिवाळीनंतर चार जण डोंगर फिरून यायचे, उघडलं रान बघायला. यंदा कुणी उठलं नाही. भावजींच्या पायात आता जोर नाही.

म्हणून मी गेले. पास पदरात बांधला, पहार घेतली, कंदाला जाते म्हणून सांगितलं. अंकुश दारात उभा राहिला. म्हणाला, "एकटी नको जाऊस." मी म्हटलं, मग चल. तो आला नाही. शिवेपर्यंत पोचवायला आला आणि तिथेच थांबला. मी वळून बघितलं तेव्हाही तिथेच होता.

खरं लिहिते, मला भीती वाटत होती. जनावराची नाही. काटकी मोडली की वाटे जीप, पान वाजलं की वाटे फॉरेस्ट. पास हातात धरूनच चालले, कुणी विचारलं तर आधी तोच पुढे करायचा म्हणून. लग्न होऊन आले तेव्हापासून या वाटेनं जातेय, कधी कुणाला काही दाखवायचं नसायचं.

दोन ठिकाणी कंद काढले, डोकी परत ठेवली, माती लोटली. मग भावजींनी सांगितलेल्या जागी बसले. खूप वेळ बसले. पाय मुंग्यांनी भरले. आणि ते भुंकलं. कुत्र्यासारखं, एकदा.

नर आला, मग मादी. तिच्या मागे पिलू. अंगावर ठिपके अजून होते. पिलू पाण्यापाशी आलं आणि पाण्यातल्या स्वतःलाच बघून मागे सरलं, जसं आमची प्राजक्ता आरशापुढे करते. मी तोंडावर पदर धरून हसू दाबत बसले. मग भीती वाटली, ही जागा आता मला माहीत झाली होती. माझ्या तोंडून कुणी काढून घेतली तर?

उतरताना अंकुश शिवेवरच बसलेला. सकाळपासून. त्यानं पहार घेतली, कंदाची टोपली घेतली. निम्म्या वाटेवर आल्यावर मीच म्हटलं, तीन. तो थांबला. "पिलू?" मी मान हलवली. तो पुढे चालायला लागला, पण पाय वेगळेच पडत होते. घरी पोचल्यावर म्हणाला, "पुढल्या खेपेला दोघं जाऊ. पास माज्याकडं दे."

आत्ता साहेबांचा छापील कागद पुढ्यात आहे. साहेब भले आहेत, ते मला कळलंय. पण कागद एका हातात राहत नाही. कुठल्या टेबलावर पडेल, कोण चहा पिता पिता वाचेल, त्याच्या ओळखीचा कोण जीपवाला असेल, ते साहेबांनाही माहीत नसणार.

जनावर, या रकान्यात लिहिलं, भेकर. किती, तीन. कधी, दिवाळी झाल्यावर.

कुठे, तो रकाना मी कोरा ठेवला. इथेही लिहीत नाही.